दुसऱ्याची झोप
मिस्त्रींचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. काम चोख, बोट दाखवायला जागा नाही. पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दिवसभराचे नटबोल्ट त्यांच्या डोक्यात फिरायला लागत. तो ब्रेकचा बोल्ट आवळला, की नुसताच अडकवला? मग उठायचं, पाणी प्यायचं, परत येऊन कूस बदलायची.

"अहो, आवळलाच असेल," बायको अर्धवट झोपेत म्हणायची. "तुम्ही ढिलं सोडलंय असं काही आहे का जगात?" आणि बोलता बोलता घोरायला लागायची.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यांनी चहा सोडला, संध्याकाळी चालायला लागले. पाय दुखायला लागले, झोप काही आली नाही.

बायकोचा त्यांना राग येत नसे. राग यायचा अजगराचा.

अजगर म्हणजे कामावरचा त्यांचा जोडीदार. डबा संपला की गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत, हत्यारांच्या पिशवीवर डोकं ठेवून तो जो आडवा व्हायचा, तो थेट पलीकडे. कानाशी मोटर घरघरतेय, तरी चेहरा तान्ह्या बाळाचा. मिस्त्री समोर बसून बघत राहायचे. कुणाचा बंगला, कुणाची गाडी बघून त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. ही झोप बघून मात्र जळफळाट व्हायचा. हाही तेच बोल्ट आवळतो, याच्याही हातावर माणसांचे जीव टांगलेले. मग देवानं यालाच का दिली? कधी ते मुद्दाम पाना फरशीवर आपटायचे. अजगर एक डोळा उघडून "पडला का?" म्हणायचा आणि तो डोळाही मिटायचा.

एका संध्याकाळी मुलांच्या दवाखान्याची लिफ्ट चालू करून दोघे परत निघाले होते. अजगर मजेत शीळ घालत होता. ती शीळ मिस्त्रींना सोसवली नाही.

"काय रे, ब्रेकचा खालचा बोल्ट आवळलास ना?"

"आवळला की."

"मग ठीक. मी बघितला नाही, म्हणून विचारलं. लहान मुलं चढतात तिथं, एवढंच."

शीळ थांबली. खरं तर अजगराला तो बोल्ट आवळताना मिस्त्रींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

त्या रात्री मिस्त्री मेल्यासारखे झोपले.

सकाळी अजगर आला तो लाल डोळे घेऊन. "डोळ्याला डोळा नाही, मिस्त्री. शेवटी उठून दवाखान्यात गेलो. वॉचमन आत सोडेना. फाटकाशी बसून राहिलो उजाडेपर्यंत, मग वर जाऊन बघितलं. घट्ट होता." दुपारी त्यानं डबाही धड खाल्ला नाही. झाकण लावून बाजूला सारला. मग म्हणाला, "तुम्हाला रोज असं होतं?"

"रोज."

"आणि मी तुमच्यासमोर घोरत पडतो! माझा गळा कसा नाही दाबलात?"

मिस्त्रींनी हातातला घास डब्यात ठेवला. "घट्ट आहे हे मला कालच ठाऊक होतं," ते म्हणाले. "मी बघितलं होतं."

अजगर ताडकन उठला. हत्यारांची पिशवी उचलली आणि एकटाच खाली निघून गेला.

घरी मिस्त्रींनी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शोभतं का या वयात? त्याची झोप घालवून तुम्हाला येणार होती का?"

"आली ना," मिस्त्री खालमानेनं म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही अजगर घुश्शातच होता. पहिला बोल्ट आवळला आणि खेकसला, "या इकडे. हात लावा. घट्ट आहे? मग बोला तोंडानं."

"घट्ट," मिस्त्री म्हणाले.

"मोठ्यानं!"

प्रत्येक बोल्टाला असंच. राग निवला तरी ही रीत राहिली. आता रात्री एखादा बोल्ट डोक्यात शिरला की त्याच्यामागून अजगराचं खेकसणंही येतं, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. एखादी रात्र अजूनही वैऱ्याची निघते.

अजगराची झोप चार दिवसांत जागेवर आली. मिस्त्रींचा हेवा काही गेला नाही. तो जांभई देताना त्यांनी एकदा विचारलंच, "खरं सांग, तुला झोप येते तरी कशी रे?"

अजगर पिशवी डोक्याखाली सारत म्हणाला, "मला काय माहीत? ती येते तेव्हा मी कुठे जागा असतो!"