मागच्या खुर्चीतले काका

पीएचडीचं कोर्सवर्क, सहामाही अहवाल, प्रबंध असं सगळं पार पडलं की शेवटी उरते खुली तोंडी परीक्षा. तिला कुणीही येऊन बसू शकतं, प्रश्नही विचारू शकतं. आमच्या विभागात कर्वेनगरचे एक काका प्रत्येक परीक्षेला हजर. विषय कुठलाही असो, मागच्या खुर्चीतून त्यांचा प्रश्न एकच, "आपण हाच विषय का घेतलात?" नंतरच्या बटाटेवड्यांसाठी येतात, असं आम्ही म्हणायचो.

माझा विषय होता कारखान्यांचे भोंगे आणि कामगारांचा दिवस. माझ्या वेळी बाहेरगावच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला आणि माझी वाचाच बसली. श्रोत्यांची पाळी यायची होती, तरी काका उभे राहिले. "अहो, आपण हाच विषय का घेतलात?"

अध्यक्ष वैतागले. मी मात्र खडकीच्या कारखान्याच्या भोंग्यावर आमचं घर कसं चालायचं ते सांगू लागले, आणि बोलता बोलता परीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तरही देऊन गेले.

नंतर आभार मानायला गेले, तर काका म्हणाले, "आभार कसले? आपण गप्प बसलात की वडे गार होतात."

त्यांच्या हातात नुसता बिनसाखरेचा चहा होता. वड्यांकडे ते फिरकलेही नव्हते.