लाइन जित्ती हाय न्हवं?

आप्पांना मी कधी 'नमस्कार' किंवा 'काय चाललंय' असलं काही म्हणताना ऐकलं नाही. आमच्या दोन घरांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवर कोपरं टेकायची आणि विचारायचं, "लाइन जित्ती हाय न्हवं?" हा प्रश्न टेलिफोनबद्दल असे, नळाच्या पाण्याबद्दल असे आणि माझ्या आईच्या गुडघ्याबद्दलही असे. आई म्हणायची, "जिवंत आहे, पण जिना चढत नाही."

आप्पा मूळचे कवठे महांकाळकडचे. फौजेत उभी हयात तारा ओढण्यात आणि तपासण्यात गेली, मग साताऱ्यात आमच्या शेजारी घर बांधलं. त्यांची लेक सुमन अमेरिकेला गेली तेव्हा आमच्याच फोनची एक वायर भिंतीवरून पलीकडे नेऊन त्यांच्या माजघरात दुसरा फोन बसवला. लेकीचा फोन आला की दोन्ही घरांत एकदमच वाजायचा, आणि आप्पा आमच्या आधी उचलायचे.

नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटी मी घरी डीटीपीची कामं घ्यायला लागले आणि हौसेनं इंटरनेटही घेतलं. ते याच फोनच्या तारेवरून यायचं. मोडेम आधी फोडणीसारखा तडतडायचा, मग किंचाळायचा आणि गप्प झाला की समजायचं, लागलं.

त्याच सुमारास सुमनला मुलगा झाला. आप्पांच्या बायकोनं, म्हणजे आक्कांनी, बारसं साताऱ्यातच करायचं ठरवलं. बाळ तिकडे, पाळणा इकडे. "पाळण्यात फोटू ठिवू," आक्का म्हणाल्या, "पर मोकळ्या पाळण्याला मी नाव ठिवायची न्हाई." सुमननं फोटो ईमेलनं पाठवला. तो उघडायचा आणि छापायचा, एवढंच माझं काम. मीही शहाणी, ते नेमकं बारशाच्या दिवसावर ठेवलं.

दुपारी घुगऱ्या शिजल्या. पाळणा आमच्याच बाहेरच्या खोलीत टांगला, गल्लीतल्या बायका नटूनथटून येऊन बसल्या आणि फोटो पडद्यावर वरून खाली उतरू लागला. जावळ आलं, कपाळ आलं, लाइन तुटली. पुन्हा लावली. जावळ, कपाळ, पुन्हा तुटली. तासाभरात ते कपाळ सगळ्या बायकांना पाठ झालं. एकजण म्हणाली, "आता कपाळालाच नाव ठेवा आणि घुगऱ्या वाटा." आक्कांच्या डोळ्यांत मात्र पाणी यायला लागलं होतं.

आप्पांनी मोहीम हाती घेतली. लुंगी खोचून शिडीवर चढले, भिंतीवरची वायर पुसली, पेरूच्या फांद्या छाटल्या, आमचा फ्रीज बंद करवला, मांजरालाही हाकललं. एकेक काम झालं की घरात जायचे आणि भिंतीशी येऊन रिपोर्ट द्यायचे, "दोष हाय पोरी. लाइनीत कुनीतरी बारीक किंचाळतंय."

हे बऱ्याचदा ऐकल्यावर माझं डोकं जागेवर आलं. "आप्पा, हे किंचाळणं तुम्ही कुठं ऐकता?"

"कुठं म्हंजी? आमच्या फोनवर. घडोघडी उचलून बगतो की. लाइन जित्ती का मेली, ते उचलल्याबिगर कळनार कसं?"

"आप्पा, ते किंचाळणं म्हणजेच इंटरनेट. तुम्ही फोन उचलला की तुटतं ते."

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. आप्पा काही हसले नाहीत. नातवाचं तोंड स्वतःच अडवून बसलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा पार उतरला. "म्हंजी दुश्मन आपल्याच चौकीत हुता व्हय," ते हळूच म्हणाले. मला एकदम भरून आलं, आणि हसूही आवरेना.

आक्का उठल्या. पलीकडे जाऊन फोनवर घमेलं पालथं घातलं आणि ठेवणीतलं लुगडं सावरून त्यावर बसल्या. खिडकीतून ओरडल्या, "आता या म्हनावं उचलायला."

मी पुन्हा लाइन लावली. जावळ, कपाळ, भुवया. आप्पा माझ्या खुर्चीमागं हात बांधून उभे होते. डोळे आले, नाक आलं.

"नाक कुनाचं हाय?" पलीकडून आक्का.

"तुजं."

"आन् कान?"

कान सुपाएवढे होते, थेट आप्पांचे. "कानाचं ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले आणि लुंगीच्या टोकानं डोळे पुसायला लागले.

फोटो छापून झाला. आता आक्का उठल्या तरी चालेल, असं मी सांगितलं. आप्पांना ते पटेना. "चौकी मोकळी सोडायची न्हाई," म्हणून ते स्वतः जाऊन घमेल्यावर बसले आणि आक्कांना इकडे धाडलं. आक्कांनी आत्याच्या वतीनं कागदावरच्या त्या मोठ्या कानात कुर्र केलं. नाव ठेवून झाल्यावर भिंतीपलीकडून आवाज आला, "लाइन जित्ती हाय न्हवं?"

पुढच्या वर्षी दोघं सुमनकडे गेली. त्या महिन्यांत आमचं इंटरनेट एकदाही तुटलं नाही आणि आईला काही केल्या करमेना. मी काम करत बसले की ती उगाच भिंतीकडे बघून यायची.

मग एक दिवस सुमनचा ईमेल आला. घरातलं इंटरनेट सारखं तुटतंय, कंपनीचा माणूस येऊन सगळं तपासून गेला, दोष सापडत नाही. तुझ्याकडे असं व्हायचं का?

आईला वाचून दाखवलं, तर ती गुडघा विसरून उभी राहिली.

मी लगेच उत्तर लिहिलं: "घरातल्या दुसऱ्या फोनवर घमेलं पालथं घाल आणि आक्कांना वर बसव."