वासुदेवकाकांची घाईची सकाळ

नाक्यावर सकाळच्या एसटीने हॉर्न दिला की आमच्या गल्लीतून दोन पोरी धावत सुटायच्या आणि त्यांच्यामागे लुंगी-बनियनमधला एक माणूस धावायचा. पुढे मी आणि माझी मैत्रीण मीना, मागे मीनाचे वडील वासुदेवकाका. त्यांच्या दोन्ही हातांत पळसाच्या पानात गुंडाळलेली गरम धिरडी असायची. आम्ही बसमध्ये चढलो की ते खिडकीतून ती आत सरकवायचे आणि दम लागलेल्या आवाजात सांगायचे, "सावकाश खाजा वं. तोंड भाजन." कंडक्टरला सवय झाली होती. काका गल्लीच्या तोंडाशी दिसेपर्यंत तो घंटी मारायचा नाही.

आम्ही मोहाडीला राहायचो. घराला घर लागून, मध्ये एकच भिंत. काका पिढीजात विणकर. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत खड्डा माग होता आणि दिवसभर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचा आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. मीनाची आई, सुमनकाकू, नर्स. आधी त्या मोहाडीतच होत्या, आरामात जेवण करून दवाखान्यात जायच्या. मग भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, गोंदिया वेगळं निघालं, आणि त्या गडबडीत ज्या ढीगभर बदल्या झाल्या त्यात काकूंची बदली आंबागडकडच्या एका गावी झाली. आता त्यांना उजाडायच्या आत घर सोडावं लागे. मीनाचं आणि माझं कॉलेज भंडाऱ्याला, तेही सकाळचं. पहिल्या आठवड्यात काकू नुसता चहा घेऊन गेल्या. दुसऱ्या आठवड्यात काका सकाळपुरता माग सोडून चुलीपाशी जाऊन बसले.

"आता तुमी सयपाक करसान?" काकू हसल्या होत्या म्हणे.

"सयपाक नाही, नास्ता. ज्याले ताट लागते थो सयपाक. मी हातात धरून खाता येईन तेच करतो."

हा भेद त्यांनी शेवटपर्यंत पाळला. दुपारची भाजी कधी केली नाही, पुरण कधी घातलं नाही. मात्र सकाळच्या त्या तासाभरात त्यांचा हात मागावर चालावा तसा चालायचा. तांदूळ आणि लाखोळीची डाळ रात्रीच भिजत घातलेली असे. पहाटे पाट्यावर ती भरड वाटायची, त्यात लसूण, हिरवी मिरची आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. तवा तापला की वाटीने पीठ सोडायचं आणि वाटीच्याच बुडाने पसरवायचं. धिरडं उलटलं की त्यावर जवसाची चटणी भुरभुरायची, गुंडाळी करायची, पानात घालायची. डाळ भिजवायची राहिली तर रात्रीचा भात बेसनात कुस्करून त्याचे चपटे वडे तव्यावर टाकायचे. वडे करायलाही वेळ नसेल तर पोहे ताकात भिजवून वरून मिरचीची फोडणी. "दोन वाट्या ताक-पोहे खाल्ले का दुपारपर्यंत देव जरी आला तरी भूक लागत नाही," असं ते म्हणायचे.

आमच्या घरी सकाळी चहा-बिस्किट मिळे. माणसं जास्त आणि आई एकटी, तिचाही इलाज नव्हता. काकांना त्याचा भारी राग. "बिस्कुट म्हनजे भुकीले फसवनं होय, नंदे. भूक का लहान पोट्टी हाय, का गोड देल्लं आन् चूप झाली?" तेव्हापासून त्यांच्या तव्यावर माझं धिरडं धरलेलंच असे. आईने एकदा संकोचून तांदूळ पाठवले तर त्यांनी ते ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाची धिरडी आमच्या अख्ख्या घराला पाठवली.

त्यांचं आवडतं वाक्य एक होतं. "उपाशी निंगालेला मानूस अर्ध्या रस्त्यात भांडते." गल्लीत कुठे भांडण झालं, की काका मागावरूनच विचारायचे, "सकारी काही खाल्लं होतं का त्यायनं?"

गल्ली मात्र हसायची. पानठेल्यावर त्यांना 'वासुदेवबाई' म्हणत. त्यांचे थोरले भाऊ तर तोंडावर बोलायचे, "बायको पगार आनते, तू पोया लाट." काका चिडत नसत. म्हणायचे, "पोया नाही जमत गा दादा. गोल होत नाही."

ते चिडत नाहीत असंच मला वाटायचं. त्या माणसाला किती लागलं होतं ते मीनाला पाहायला पाहुणे आले तेव्हा कळलं.

स्थळ सानगडीकडचं होतं. मुलगा कंपनीत, घरी धानाची शेती, माणसं नावाजलेली. दुपारी येणार म्हणून निरोप होता, पण त्यांना कुठली तरी लवकरची गाडी मिळाली आणि ते सकाळीच दारात उभे राहिले. काकूंना त्या दिवशी रजा होती, पण पहाटेच गावातून बाळंतपणासाठी बोलावणं आलं आणि त्या दुपारपर्यंत येते म्हणून गेल्या होत्या. मी मीनाची वेणी घालत होते. काकांनी पाहुण्यांना बसवलं, पाणी दिलं आणि थोड्याच वेळात वाफाळती धिरडी पुढे ठेवली. मुलाच्या वडिलांनी दोनदा मागून घेतली.

"विहीनबाईच्या हाताले चव हाय बाप्पा," ते म्हणाले. "बलवा ना त्यायले."

"थे डिलेवरीले गेली," काका म्हणाले. "हे मी केलं."

"आज अडचन होती म्हनून?"

"नाही जी. रोजच मी करतो."

पाहुणे हात पुसत राहिले. मुलगी त्यांना पसंत पडली, तसं त्यांनी सांगितलंही. पण उठता उठता मुलाचे वडील काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "एक गोस्ट सांगू का? लग्न होयेपर्यंत तरी हे चुलीपाशी बसनं बंद करा. आमच्या पावन्यायत चर्चा होईन. लोकं म्हनतीन, पोरीच्या घरी बाप सयपाकी हाय."

काका नमस्कार करून त्यांना नाक्यापर्यंत पोचवून आले. संध्याकाळी थोरले भाऊ आले, शेजारचे दोघं-तिघं आले. सगळ्यांचं एकच म्हणणं, असं स्थळ पुन्हा येणार नाही. रात्री जेवताना काका काकूंना म्हणाले, "मीनाची माय, उद्यापासून तूच पाहा सकारचं."

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला आणि आमच्या मागे कुणी धावलं नाही. कंडक्टरने गल्लीकडे पाहिलं, थोडा थांबला, मग घंटी मारली. मीना खिडकीबाहेर पाहत होती. 

काकू अंधारातच उठून सगळं करायच्या आणि स्वतः तशाच निघायच्या. काका मागावर बसायचे, पण धोटा चालायचा नाही. भिंतीपलीकडून आवाज येत नाही म्हणून आई दोनदा विचारून आली, बरं नाही का म्हणून. असे दिवस गेले, आणि एका सकाळी काकू तुमसरच्या बस स्टँडवर चक्कर येऊन पडल्या. कुणीतरी ओळखीच्या माणसाने त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. कपाळाला खोक पडली होती. काकांनी त्यांना खाटेवर निजवलं आणि विचारलं, "का खाल्लं होतं सकारी?"

काकूंनी पदर खोकेवर दाबून धरला.

"काल?"

"वेळच भेटत नाही जी," काकू म्हणाल्या.

काका उठले. मागच्या खोलीत गेले. थोड्या वेळाने दोन्ही हातांनी लोखंडी शेगडी उचलून घेऊन आले आणि ती पुढच्या ओसरीवर, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल अशी ठेवली. मीना म्हणाली, "बाबा, अंदर ठेवा ना, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे," काका म्हणाले. "आतापर्यंत अंदर बसत होतो, थे लाज त्यायले वाटत होती का मले, कोन जाने. आता ज्याले पाहाचं हाय त्यानं पाहावं."

मग सानगडीला निरोप गेला. काकांनी स्वतः फोन केला, आमच्याच घरून, म्हणून मी ऐकला. "पावने, तुमी मानसं चांगले हा. पन बापाचं काम लपवून माह्या पोरीले नांदा लागन, असं घर मले नाही जमत." फोन ठेवून ते आमच्या ओट्यावर जाऊन बसले. मीना आली आणि त्यांच्या शेजारी बसली.  नंतर दोघं उठून घरी गेले आणि रात्री पाटा धुतल्याचा आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला.

सोपं काहीच झालं नाही. मीनासाठी पुढे बराच काळ स्थळ आलं नाही. जे येई ते ओसरीवरची शेगडी पाहून चौकशी करी. थोरल्या भावाने बोलणं टाकलं. मीना शिक्षिका झाली, वर्ध्याला नोकरी लागली आणि तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिचं लग्न ठरलं. तो मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा ओसरीवर काकांच्या शेजारी उकिडवा बसला आणि धिरडं उलटायला गेला. ते फाटलं. काकांनी फाटकं धिरडं त्यालाच वाढलं. म्हणाले, "जमन. माहंही पयले असंच होये."

मीना सासरी गेली, मी नोकरीसाठी नागपूरला आले. मागाला काम मिळेनासं झालं आणि काकांनी तो उकलून ठेवला. पुढे काकूही निवृत्त झाल्या. त्यानंतरच्या एका दिवाळीत मी माहेरी गेले होते. सकाळची बस पकडायला नाक्यावर आले तर बाकावर काकू बसलेल्या. इस्त्रीची साडी, खांद्याला ड्यूटीवरची पर्स, मांडीवर पळसाच्या पानाची गुंडाळी.

"काकू, कुठं निघाल्या?"

"कोठीच नाही वं." त्या आजूबाजूला पाहून हळूच म्हणाल्या. "आता मी घरीच राहतो म्हटलं तं ह्यायचा हातच चालत नव्हता. तवा मांडून नुसते बसून राहात. घाई नाही तं का करू, म्हनत. मंग म्याच सांगतलं, महिला मंडळाचं काम घेतलं, सकारीच जा लागते. मी इथं बसून खातो आन् थोड्या वेळानं जातो परत. तू सांगजो नोको त्यायले."

मी शब्द दिला. माझी बस यायला वेळ होता, म्हणून काकांना भेटायला परत गल्लीत गेले. ते ओसरीवर तवा खरवडत होते. मला पाहून गालात हसले.

"भेटली का तुही काकू बाकावर?"

मी चप्पल काढायच्या निमित्ताने खाली वाकले.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "पन तू तिले सांगू नोको. माह्यासाठी करून राहिली बिचारी. एवढ्या थंडीत जाऊन बसते." आणि त्यांनी तव्यावर माझ्यासाठी पीठ सोडलं.

दोघांनी हे किती वर्षं चालवलं ते मला ठाऊक नाही. काका गेले ते एका उन्हाळ्यात, भंडाऱ्याच्या दवाखान्यात, थोड्याशा आजाराने. मला पोचायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा आत मीना सगळ्यांसाठी चहा करत होती. काकू ओसरीच्या पायरीवर एकट्याच बसल्या होत्या. नाक्यावर बस आली, थांबली, गेली. उन्हं समोरच्या भिंतीवरून खाली उतरत होती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"नंदे," त्या म्हणाल्या, "सकाळ लय मोठी होऊन राहिली वं."