मुदत शनिवारपर्यंत होती

ही गोष्ट बाबांना माहीत नाही, मित्रांना नाही, आणि ज्यांच्यासोबत कंपनीच्या फाटकासमोर घसा बसेस्तोवर घोषणा दिल्या त्यांना तर नाहीच. तुम्ही पहिले. आधीच सांगून ठेवतो — मला समजून घ्या म्हणायला मी बसलेलो नाही. समजून घेण्यासारखं त्यात काही नाही.

आमच्या इंझोरीच्या घरात पुस्तकं चार आणि पत्रकं पोतंभर. बाबा चळवळीतले. 'बंधूंनो आणि भगिनींनो' एवढं मला बाराखडी पुरी व्हायच्या आत वाचता यायचं. पुढे मंगरुळपीर रस्त्यावरच्या एका बियाणे कंपनीत, प्रयोगशाळेत लागलो. ओल्या गोणपाटात सोयाबीनचे शंभर दाणे ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचं, हे माझं काम. वर्षभरात मी तिथला पत्रकवाला झालो. प्यायचं पाणी, बायकांसाठी संडास, जादा कामाचा भत्ता — जे लिहिलं ते खरं होतं. त्यातली एक ओळही मी आज मागे घेत नाही. हे कबुलीत बसतं का? बसू दे, न बसू दे.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कंपनीनं दाणे रंगावरून निवडणारं मशीन आणलं. डागी, फुटके दाणे हातानं वेचणाऱ्या बायकांनी ते ट्रकमधून उतरताना पाहिलं, आणि बोलायचं काही उरलं नाही. कुणीतरी जाणार. कोण, एवढाच प्रश्न.

त्याच आठवड्यात मला अकोल्याच्या एका प्रयोगशाळेचं नेमणूकपत्र आलं. एक तारखेला हजर व्हायचं. मी होकार कळवला. इथवर काय चुकलं? काहीच नाही. नोकरी बदलणं गुन्हा आहे असं म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन. राजीनामा लिहिला, घडी घालून नेमणूकपत्रासोबत खिशात ठेवला. उद्या देतो, म्हटलं.

त्या उद्याच्या सकाळी फलकावर नोटीस लागली. सहा माणसं कमी करणार. जे स्वतःहून जातील त्यांनी शनिवारपर्यंत लेखी द्यावं — तेवढी माणसं सहातून वजा होतील. उरलेली नावं नियमानं, सगळ्यात शेवटी लागलेल्यापासून वर मोजत.

आता सांगा — ज्याच्या खिशात राजीनामा तयार आहे, त्यानं काय करायचं असतं?

मी पत्रक लिहिलं. 'स्वतःहून कुणीही जाणार नाही.' जो आपणहून जातो तो मालकाचं काम सोपं करतो, एकही नाव गेलं नाही तर मालकाला बोलणी करावीच लागतील — असं सगळं. चांगलं पत्रक होतं. दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना गोदामात गोळा केलं आणि शपथ घ्यायला लावली. मूठभर बियाणं हातात घेऊन. पेरायचं बी हातात असताना माणूस खोटं बोलत नाही, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कल्पना माझीच. सगळ्यांनी मुठी वर केल्या. मीही केली — खिशातल्या दोन कागदांसकट.

पोत्यांची तोंडं शिवणारा संतोष तेवढा अडला. त्याला तसंही रिसोडला मेव्हण्याच्या दुकानात जायचं होतं.

"मले जायाचंच आहे, तं नाव कायले नाही देऊ? कोणाचं तरी भलं होईन ना."

"दे मंग," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "पयला पळणारा तूच. मेव्हण्याच्या दुकानात फोटो लाव आपला, हार घालून."

गोदाम हसलं. संतोषनं मान खाली घालून पोत्यात हात घातला आणि मूठ भरली. जे मी करायला हवं होतं तेच तो सांगत होता, साध्या शब्दांत. मी त्याचं हसं केलं. माझं एक नाव दाबलं, त्याचंही दाबायला लावलं. दोन महिन्यांनी तो रिसोडला गेलाच.

का केलं मी असं? भीती होती म्हणावं, तर भीती कसली — दुसरी नोकरी ठरलेली होती. पैसा? तोही नाही. मग?

मला जायचं नव्हतं. मला काढलं जायला हवं होतं.

सर्वांत आधी निघून गेला तो पुढारी, असं कुणी म्हणू नये. साहेब नियम मोडेल, सूड म्हणून माझं नाव सगळ्यांत वर घालेल, अशी मला खात्री होती. खात्री कसली — हौस. 'ही सुडाची यादी आहे' हा पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा मी लिहून ठेवला होता. आणि माझं नाव यादीत आलं की आपोआप खालून सहावं माणूस वाचेल, अशी समजूतही मनाशी घालून ठेवली होती.

होय. सहावं माणूस कोण, हे मला माहीत होतं. मी हजेरीपट खालून वर मोजला होता. शोभाकाकू.

शोभाकाकू आसेगावची, दाणे वेचणाऱ्या बायकांतली. माझं भाषण लांबलं की मागून ओरडायची, "पाणी पे रे बाबू, मालक पळून नाही जाऊन राह्यला!" लग्न झाल्यापासून दरवर्षी ती नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची; ही नोकरी लागल्यावर ते थांबलं. "आता दिवाईनंतरबी घरीच राह्यतो आमी," असं सांगताना तिचा आवाज थोडा मोठा व्हायचा. ही नोकरी म्हणजे तिला दिवाळीनंतरचं स्वतःचं घर होतं. हे मला ठाऊक नव्हतं असं समजू नका.

शनिवारी मी साहेबांच्या केबिनपुढून तीनदा गेलो. दार उघडं होतं. पंखा फिरत होता, साहेब एकटेच बसले होते. आत जायला मला किती पावलं लागली असती? पाच वाजले. मी गाडीला किक मारली.

सोमवारी यादी लागली. माझं नाव नव्हतं. नियम जसाच्या तसा पाळला होता. सहावं नाव शोभाकाकूचं.

मग मी काय केलं, ऐका. प्रयोगशाळेत जाऊन राजीनामा नव्यानं लिहिला. 'या अन्यायाच्या निषेधार्थ.' वजनकाट्यावर उभा राहून तो मोठ्यानं वाचला. टाळ्या पडल्या. शोभाकाकू गर्दीतून पुढे आली, माझ्या गालांवरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली आणि सगळ्यांना सांगितलं, "माह्यासाठी पोरानं नोकरीले लाथ मारली!"

साहेबांनी कागद वाचला आणि एवढंच म्हणाले, "हाच परवा आणला असतात तर एक नाव कमी झालं असतं."

"तुमची मुदत तुमच्यापाशी ठेवा," मी म्हणालो आणि दार आपटून बाहेर आलो. तेही माझं शौर्य म्हणून सांगितलं गेलं. एक तारखेला मी अकोल्यात हजर झालो. लोकांना म्हणालो — नशिबानं लगेच मिळाली.

हे वाचून मालक खूश होणार असेल, तर त्यालाही सांगतो. मशीन आणलं तेव्हा त्या बायकांना दुसरं काम देता आलं असतं. तू दिलं नाहीस. माझ्या खोटेपणानं तुझं पाप धुतलं जात नाही. आणि मित्रांनो, तुम्हीही ऐका. 'वय लहान होतं' म्हणू नका. 'पुढच्या वर्षी तिला काढलंच असतं' म्हणू नका. पुढचं वर्ष पुढच्या वर्षी पाहिलं असतं. ते वर्ष तिचं होतं, आणि ते मी घेतलं — टाळ्यांसाठी.

यंदा दिवाळीनंतर ती मला मंगरुळपीरच्या फाट्यावर दिसली. नवरा, बोचकी, ऊसतोडीच्या टोळीतली आणखी चार माणसं. ट्रक यायचा होता. तिनंच लांबून हाक मारली आणि टोळीतल्या बायकांना दाखवलं, "हाच थो! माह्यापायी नोकरी सोडणारा." बायकांनी माझ्याकडे देवाकडे बघावं तसं बघितलं. एका वाक्याचं काम होतं. ट्रक यायला वेळ होता, रस्त्यावर गोंगाट नव्हता, ती माझ्यासमोर उभी होती. मी हसलो.

"घे रे बाबू, चहा घे," ती म्हणाली. "तुयं लई नुसकान झालं माह्यापायी."

मी चहा घेतला. पैसे तिनं दिले. मी देऊ दिले.