त्याचं एकच जाड अक्षर

रेवसच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं बॅनर छापायचं दुकान आहे. कॉम्प्युटरमध्ये अक्षरांचे ढीगभर प्रकार असतील, पण हा बाबा वापरतो एकच. उंच, जाड, पोटं आत ओढून एकमेकांना खेटून उभी राहिलेली अक्षरं. वाढदिवस असो, ‘ताजी मासळी’ असो, नाहीतर कुणाचं तेरावं, सगळं त्याच अक्षरात. त्याच्याकडची श्रद्धांजलीसुद्धा अंगावर खेकसते.

सांगायला जावं, तर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणतो, "काका, लांबून वाचता आलं पायजे ना? आन् कमी जागंत जास्त मावतंय."

निवृत्तीनंतर घर बांधलं, तेव्हा दारावरच्या पाटीसाठी मी त्याला बजावलं, "एकच नाव टाकायचंय, पाटी चांगली लांब आहे. अक्षर बारीक आणि मोकळं ठेव."

"व्हय, व्हय," म्हणाला.

चार खेपा घातल्यावर पाटी मिळाली. माझं नाव त्याच जाड अक्षरात, डावीकडच्या अर्ध्या भागात कोंबलेलं. उजवीकडचा अर्धा भाग कोरा!

माझं डोकंच फिरलं. "अरे, एवढी जागा असताना मला असं चेपलंस कशाला?"

"काकींचं नाव तुमी सांगितलंच न्हाय," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून जागा ठेवलीय."

बायको माझ्यासोबत आली होती. तिनं पुढे होऊन त्याच्या टेबलावरचं पेन उचललं, कागदावर आपलं नाव लिहिलं आणि त्याच्या हातात देत म्हणाली,

"अक्षर हेच ठेव. जाड."