निवट्या किती?

तुर्भ्यातल्या एका नकाशांच्या ऑफिसात दीक्षा वाघमारे ट्रेसर, म्हणजे नकाशे उतरवून काढणारी होती. आयटीआय झालेली, कोपरखैरण्याला आईवडिलांजवळ राहणारी. १९९८ साली एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या राजेश्वरी मॅडमनी तिला एक काम दिलं. खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी मासळी कुठं कुठं दिसली, त्या ठिपक्यांचा नकाशा तिनं नीट उतरवायचा.

"किती आहेत ते मात्र सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "कुठं आहेत, एवढंच दाखवू."

दीक्षाला ते पटेना. तिनं नकाशावर साठ मीटरचे चौकोन आखले. बाराच्या बारा चौकोनांत निवटी होती. प्रत्येकाचे चार तुकडे केले, तर पंचवीस भरलेले निघाले, बाकी कोरे. पुन्हा चार-चार केले, तर एक्कावन्न. दर वेळी आकडा साधारण दुप्पट! ही चाल तशीच पुढं धरली, तर आणखी सहा खेपांत चौकोन वीतभर होत होता. वीतभर जागेत निवटी एकच मावणार. म्हणजे जेवढे भरलेले चौकोन, तेवढ्याच निवट्या. हिशेब आला तीन हजार दोनशेच्या घरात.

मॅडमनी चष्मा काढला. "हे खरं कशावरून?"

"मोजून बघू या, मॅडम."

निवट्या धरून विकणाऱ्या बोनकोड्याच्या केशरबाई सोबत आल्या. चार दिवस ओहोटी लागली की दोघी गुडघाभर चिखलात उतरायच्या. दीक्षा निवट्यांची बिळं मोजू लागली, तशी केशरबाईंनी तिला अडवलं.

"सगली बिलं मोजू नको, पोरी. पानी गढूल हाय, तिथंच निवटी हाय. नितल पान्याचं बील रिकामं."

चौथ्या दिवशी बेरीज झाली. तीन हजार चाळीस!

दीक्षानं चिखलानं माखलेल्या हातांनी केशरबाईंना मिठीच मारली.

अहवालावर मॅडमच्या नावाशेजारी दीक्षाचं नाव छापलं गेलं. कॉलेजच्या सभागृहात तिनं स्वतः खडू हातात घेऊन चौकोन काढून दाखवले. एका प्राध्यापकांनी विचारलं, "तुमचं शिक्षण?"

"ट्रेसर आहे, सर," ती ताठ मानेनं म्हणाली.

सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या त्या पहिल्या रांगेतल्या केशरबाईंनी.