खाडीचं तोंड

तोंडावर तिला सगळे आक्का म्हणत आणि पाठीमागे तोफ. आवाजामुळे नव्हे, आवाज तिचा बसकाच होता. ती आधी उडायची आणि मग समोर कोण होतं ते बघायची, म्हणून तोफ. नवऱ्याला तिने उभ्या संसारात एकदाच मारलं, असं ती स्वतः सांगे. नवरा शेजारी बसून मान डोलवी आणि म्हणे, "एकदाच. पण पुरलं." धाकट्या भावाच्या एका कानाची पाळी लहानपणी तिनेच चावून तोडली होती. आई गेल्यावर त्याच भावाला तिने भरवलं, बडवलं, अंगावर पांघरूण घालून निजवलं. माया आणि मार यांत ती फारसा फरक करत नसे.

तिचं पोट खाडीवर होतं. ओहोटी लागली की बायका चिखलात उतरत आणि शिंपल्या काढत. चिखल असा की माणूस गिळेल. म्हणून प्रत्येकीकडे एक लांब फळी असे. तिच्यावर एक गुडघा टेकायचा, दुसऱ्या पायाने रेटा द्यायचा आणि सरपटत पुढे जायचं. सगळीकडे मात्र फळी लागत नसे. चिखल चकाकतो तिथे तो मऊ. उंचवटा असेल, वरून वाळून तडकलेला असेल, तर तो घट्ट, तिथून खुशाल चालत जावं. पोरींना हे चालायला लागल्यापासून शिकवलं जाई आणि आजवर कुणाचा पाय कधी चुकला नव्हता.

या खाडीला समुद्राकडे एकच तोंड होतं. भरतीचं पाणी तिथून आत यायचं, ओहोटीचं तिथूनच बाहेर जायचं. पाणी असं खेळतं राहिलं म्हणून शिंपल्या जगत आणि शिंपल्यांवर ती वस्ती जगे. यापेक्षा जास्त कुणाला कळायची गरज नव्हती.

मग काठावरच्या लोखंडाच्या कारखान्याला जागा अपुरी पडू लागली. साहेबांना खाडीतली थोडी जागा भरून हवी होती. थोडी म्हणजे शाळेच्या मैदानाएवढी. एवढ्याने काय होतंय, असं साहेब म्हणाले. खाडीत उतरायची वेळ ज्याच्यावर कधी येत नाही, त्याला सगळं एवढंसंच दिसतं. डंपर दगड आणून ओतू लागले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. शिंपल्या शिजवल्या की दाताखाली दगडाची पूड करकरू लागली. खेकडे तर कधी निघून गेले ते कळलंही नाही. आणि तो भराव पुढे ढकलणाऱ्या पोकलेनवर बसला होता आक्काचा तोच धाकटा भाऊ.

"तोंडाला हात लावणार नाही," तो जेवताना म्हणाला. "साहेबांनी शब्द दिलाय."

"साहेबांचा शब्द पाण्यात कालवून तुझ्या साहेबांनाच पाज. मी तुला विचारतेय."

"आक्का, मी नाही बसलो तर दुसरा कुणीतरी बसेल."

हे वाक्य तिला सहन झालं नाही. हाताशी शिंपल्यांची चाळण होती, तीच तिने त्याच्या कपाळावर हाणली. रक्त डोळ्यात उतरलं तसा तोही उसळला. त्याने तिचा हात पिरगाळून तिला भिंतीवर आपटलं. नवरा मध्ये पडला आणि दोघांचाही मार त्यालाच बसला. शेवटी धापा टाकत ती म्हणाली, "खाडीचं तोंड बुजवलंस तर पाय मोडून हातात देईन."

"नाही बुजवणार," कपाळ दाबून धरत तो म्हणाला. आणि खोटं बोलत नव्हता बिचारा.

पण भरावाचं टोक तोंडाशी येऊन भिडलंच. भर दुपारी, ओहोटीला, डंपर मागे येताना तिने पाहिला आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. फळी खांद्यावर टाकून ती भरावावर चढली. मुकादम हात आडवा करून म्हणाला, "बाई, मागे व्हा." तिने ती फळी त्याच्या तोंडावर हाणली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज ड्रायव्हरपर्यंत गेला. दुसऱ्या घावाला फळीच उभी चिरली. मग मुकादमाच्या माणसांनी तिला केसाला धरून ओढलं, लाथा घातल्या आणि आतल्या बाजूने खाली चिखलात फेकून दिलं.

"ओत रे!" मुकादम रक्त थुंकत ओरडला.

भरावावरून वाट बंद झाली होती. पण खाडीच्या तोंडात, अगदी मधोमध, एक उंचवटा दिसत होता. वरून वाळलेला, तडकलेला. तिथे जाऊन उभं राहिलं तर कुणाच्या बापाला दगड ओतता येणार नव्हते. फळी नव्हती, पण उंचवट्यावर फळी लागते कुणाला? ती धावली.

तो उंचवटा जुना नव्हताच. भरावाच्या वजनाने खालचा चिखल दाबला जाऊन पुढे वर फुगून आला होता. उन्हाने वरची साय तेवढी वाळवली होती. ती फुटली आणि आक्का आधी मांडीपर्यंत, मग धडपडीने कमरेच्या वर गेली. आणि त्याच वेळी भरती लागली.

धाकट्याने पोकलेनचा हात लांबवला, तो पोचेना. मध्ये पाण्याची धार होती. दोर फेकला. तिने तो मनगटाला गुंडाळला. वरून चौघांनी ओढला तेव्हा तिचा खांदा निखळला, पण चिखलाने तिला सोडलं नाही. पाणी छातीला लागलं. धाकट्याने डंपरवाल्याकडे पाहिलं आणि त्याच्या मनात काय आलं ते आक्काला खालूनही कळलं.

"टाकू नकोस!" ती किंचाळली. "मरू दे मला! टाकलंस तर तू माझा कुणी नाहीस!"

"टाक!" धाकटा ओरडला. "तिच्या पुढ्यात टाक! भरभर!"

डंपर रिकामे झाले. एकामागून एक, जेवढे होते तेवढे, दगड पलीकडच्या काठाला भिडेपर्यंत. त्या दगडांवर पोकलेन डुगडुगत पुढे आलं. त्याच्या लोखंडी पंजाचे दात तिच्या बाजूने चिखलात घुसले आणि चिखलासकट तिला उपसून दगडांवर आपटलं. बरगड्या मोडल्या. धाकटा उडी मारून खाली आला, रडत तिच्या तोंडातला चिखल बोटांनी काढू लागला. तिने शाबूत हाताने एक दगड उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. त्याचे पुढचे दात गेले. तो तसाच तिला धरून बसला.

बाहेर समुद्राचं पाणी दगडांना येऊन थडकत होतं. आत थेंबही जात नव्हता. मुकादमाने नाकावरचा रुमाल काढून ते पाहिलं आणि तो हसला. "बाईने आपलंच काम केलं की!"

ते दगड पुन्हा कुणी काढले नाहीत. साहेब म्हणाले, माणुसकी म्हणून टाकले, आता राहू देत. आतल्या चिखलावरचं उरलेलं पाणी उन्हात तापलं. शिंपल्यांनी आ वासला आणि त्या मेल्या, सगळीकडे, एकदमच. वस्तीत दारं लावून बसावं इतकी घाण सुटली. आक्का अंथरुणावर होती. कुणी तिला काही बोललं नाही. जीव वाचल्याबद्दल माणसाला बोलायचं तरी काय?

ती चालू लागल्यावर विहिरीवर तिची जाऊ समोर आली. रिकामं टोपलं तिच्या पायाशी फेकून म्हणाली, "मेली असतीस तर रडलो असतो गं तुला. पोरं तरी जेवली असती."

आणि तिने आक्काच्या थोबाडीत मारली. बायका मागे सरकल्या. तोफ आता कशी उडते ते सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा धावत मध्ये आला.

"बाजूला हो," आक्का त्याला म्हणाली. "मारू दे तिला."

तो बाजूला झाला, आणि जावेने पुन्हा मारलं.